प्रॉम्प्टरच्या वहीतून: कर्णबधिर आणि अंध प्रेक्षकांसाठी नाटक चित्रित करताना

सांगलीतल्या हौशी नाटकांना मी १९ वर्षं विंगेतून प्रॉम्प्टिंग करते आहे. २०२० मध्ये नाट्यगृहं बंद पडली तेव्हा आम्ही आमचं ४५ मिनिटांचं एक नाटक रिकाम्या हॉलमध्ये चित्रित केलं आणि लिंक ओळखीच्या सगळ्यांना पाठवली. आमच्या शिंपीमास्तरांनाही. मास्तर जन्मापासून कर्णबधिर आहेत. आमच्या नाटकांतले अंगरखे, कोट, पोलिसांचे गणवेश सगळे त्यांच्या हातचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीकडून मेसेज लिहवून घेतला: "काका हात उचलतात तेव्हा कोटाची बाही वर चढते, पुढच्या वेळी सैल करतो. पण ते एवढे का चिडलेत?"

कोट त्यांनी शिवला होता. त्या कोटातला माणूस काय बोलतो, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही तीन नाटकं वेगळ्या पद्धतीने चित्रित केली. ज्यांच्याकडे एक-दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि बेताचे पैसे आहेत, अशा संस्थांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात संहितेच्या पहिल्या वाचनापासून करा. आम्ही आधी चित्रीकरण उरकलं, संकलन केलं आणि मग मास्तरांना आणि मिरजेच्या एका अंध ताईंना बोलावलं. तोवर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला चौकटीत जागा उरली नव्हती आणि अंध प्रेक्षकांसाठीच्या आवाजी वर्णनाला संवादांत फट नव्हती. आता मास्तर आणि ताई दोघंही पहिल्या वाचनाला असतात. त्यांना मानधन द्या. प्रकाशयोजनाकाराचं नाव ज्या हिशेबाच्या वहीत असतं, त्याच वहीत यांचंही असू द्या. देणगीदारांना पत्र लिहिताना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम २९ चा उल्लेख करा. कला दिव्यांगांना सुलभ करून देणं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

शब्दपट्ट्या

पट्ट्या, म्हणजे सबटायटल्स, लिहायचं काम संस्थेतल्या प्रॉम्प्टरकडे द्या, असं मी आग्रहाने सांगेन. नट कुठे श्वास घेतो, कुठे थांबतो, कुठे वाक्य गिळतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आपली प्रॉम्प्टिंगची प्रत घ्या, चित्रीकरण समोर ठेवा आणि नट प्रत्यक्षात जे बोलला तेच टाइप करा. सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आमच्या पहिल्या नाटकाच्या ६४० पट्ट्या झाल्या आणि मला ११ रात्री लागल्या. तिसऱ्या नाटकाला ५ पुरल्या. आपोआप तयार होणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका. नावं, बोलीतले शब्द, पदं, सगळ्याची मोडतोड होते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पट्टी कुठे तोडायची यावर. मराठीत नकार शेवटी येतो. आमच्या नाटकात आई म्हणते, "मी तुझ्या लग्नाला येणार..." आणि तीन सेकंद थांबून म्हणते, "नाही." मी भाबडेपणाने सगळं वाक्य एकाच पट्टीत टाकलं होतं. मास्तरांनी हातांनी सांगितलं, मुलीने मला समजावलं: "मला आधीच कळलं ती येणार नाही. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही." त्या तीन सेकंदांसाठी आमची नटी महिनाभर राबली होती. आता "येणार" वर पट्टी संपते, पट्टीची जागा तीन सेकंद कोरी राहते आणि "नाही" तिच्या ओठांबरोबर येतो. विनोदाचंही तसंच. शेवटचा शब्द नटाच्या आधी वाचकाला मिळाला की हशा गेला.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३५ अक्षरं. "घराच्या" एका ओळीत आणि "मागे" दुसरीत असं होऊ देऊ नका. बोली प्रमाण करू नका, पात्र "काय करायलास?" म्हणत असेल तर तसंच लिहा, तेवढ्यावरून ते कुठलं हे प्रेक्षकाला कळतं. बोलणारा चौकटीबाहेर असेल तर आधी त्याचं नाव. आवाज चौकटी कंसात, पण नेमके. [संगीत] या शब्दाने काहीच कळत नाही. [दुरून लग्नातली सनई] म्हटलं की आईने खिडकी का लावली ते कळतं. जो आवाज नाटकात काही करत नाही, तो सोडून द्या.

देवनागरीची एक अडचण इंग्रजी पट्ट्यांना नसते: वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. दोन ओळींत अंतर कमी पडलं की मात्रा एकमेकींत घुसतात. 'मुक्त' (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि लहान मोबाइलवरही वाचता येतात. मागे काळी पट्टी ठेवा. "वाऱ्यावर", "राष्ट्र" असे शब्द एकदा तपासून घ्या, काही ठिकाणी जोडाक्षरं फुटतात. यूट्यूबवर पट्ट्यांची फाइल वेगळी चढवा, म्हणजे प्रेक्षकाला अक्षर मोठं करता येतं. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या प्रतीत मात्र पट्ट्या चित्रातच पक्क्या कराव्या लागतात.

हातांची भाषा

मास्तर पट्ट्या वाचतात, पण भराभर नाही. त्यांच्या लहानपणी शाळेत सगळा भर बोलायला शिकवण्यावर होता. अनेक कर्णबधिरांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते आणि भारतीय सांकेतिक भाषा पहिली. तिचं व्याकरण वेगळं आहे. प्रश्नार्थक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि भुवया, गाल, खांद्यांची हालचाल हाही व्याकरणाचाच भाग असतो. म्हणून पट्ट्या आहेत तर दुभाषी कशाला, असं म्हणू नका.

दुभाष्याला संहिता तीन आठवडे आधी द्या. तालमीला बोलवा. भाषांतर कसं झालंय हे बघायला एक कर्णबधिर व्यक्ती हवीच. कुठली खूण आपल्याकडे कुणी वापरत नाही, ते तीच सांगू शकते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० हून अधिक शब्दांचा कोश इंटरनेटवर चित्रफितींसह आहे, नटांना चार खुणा शिकायला तो फार उपयोगी पडला. पण घराघरांतल्या खुणा मास्तरांनीच शिकवल्या. सलग काम असेल तर वीस-तीस मिनिटांनी दुभाषी बदलतात, एकाच दुभाष्यावर दीड तास टाकू नका.

दुभाषी कोपऱ्यात तिकिटाएवढा दिसून उपयोग नाही. आम्ही चौकटीचा निदान सहावा भाग त्याला देतो. मागचा पडदा साधा, कपडे त्वचेच्या रंगाहून वेगळे, उजेड चेहऱ्यावर आणि हातांवर सारखा, आणि बोटं चौकटीबाहेर जाणार नाहीत एवढी मोकळी जागा. नाटकात अंधार झाला तरी दुभाष्यावरचा दिवा विझवू नका. अंधारातले संवाद त्याच्या हातांवरच तर वाचायचे असतात.

कानांनी बघणं

मिरजेच्या ताई बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, आवाजावरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी सांगितल्यावरून नाटकाआधी सहा मिनिटांचा एक आवाजी परिचय करतो. सोफा कुठे, दार कुठल्या बाजूला, झोपाळ्याची एक कडी तुटलेली आहे. मग प्रत्येक नट स्वतःच्या आवाजात पात्राचं नाव आणि पेहराव सांगतो, म्हणजे पुढे आवाज ऐकला की माणूस उभा राहतो.

नाटक चालू असताना वर्णन संवादांच्या मधल्या फटीत बसवायचं. वर्तमानकाळात, थोडक्यात. "ती दुखावली" हा निष्कर्ष झाला. तो प्रेक्षकाला काढू द्या. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "ती ताट सरकवते." ताई म्हणाल्या, "अगं, ताट सरकल्याचा आवाज आला मला. ती बघते कुणाकडे, ते सांग." तेव्हापासून मी वर्णन लिहायच्या आधी डोळे मिटून सगळं नाटक एकदा ऐकते आणि जे ऐकू येतं ते खोडून टाकते.

फटच नसेल तर वर्णन संहितेत विणा. आमच्या गावाला हे परकं नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा कथा पुढे नेणारी पदं सूत्रधारच गात असे. आम्ही तिसऱ्या नाटकात शेजारीणकाकूंना सूत्रधार केलं. कोण आलं, कुणी तोंड फिरवलं, हे सगळं त्या खिडकीतून सांगतात. ताईंना वेगळी प्रत लागलीच नाही.

बाकीचं थोडक्यात. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश टाळा, काहींना त्याने झटका येऊ शकतो. फटाके, किंचाळी, मारहाण असेल तर ती कितव्या मिनिटाला आहे हे लिंकखाली लिहा; स्वमग्न मुलांच्या पालकांना त्याचा आधार होतो. बहिरंध प्रेक्षकांसाठी संवाद आणि वर्णन एकत्र असलेली साधी मजकूर-फाइल ठेवा, ती ब्रेल यंत्रावर वाचता येते. निमंत्रण नुसतं चित्र म्हणून पाठवलं तर टॉकबॅक (मोबाइलवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) ते नीट वाचेल याची खात्री नाही, तोच मजकूर खाली युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर यंत्र इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून वाचतं. आणि चौकशीसाठी दिलेल्या नंबरावर मेसेज चालतील, हे स्पष्ट लिहा. मास्तर फोन कसा करणार?

नवं नाटक ५ नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, खुलं करायचं आहे. बाही सैल झाली आहे. काल मास्तरांनी दुसऱ्या अंकातली एक पट्टी अर्धा सेकंद मागे न्यायला सांगितली, ती आज रात्री करायची आहे.