ॲडव्हायझिंगमध्ये नव्याने आलात? ‘कुणाला सांगणार नाही’ एवढं मात्र म्हणू नका

कॉलेजात मुलांना विषय आणि अभ्यासक्रम निवडायला मदत करणाऱ्या ॲडव्हायझरच्या खुर्चीत बसल्यावर सुरुवातीचे दिवस क्रेडिट (विषयाचा भार मोजायचं एकक), पूर्वअटी (कोणत्या विषयाआधी कोणता झालेला हवा), विषय सोडायची शेवटची तारीख यांतच जातात. ते जमतं. नियमावली प्रत्येक कॉलेजची वेगळी, त्यामुळे ती स्वतः वाचण्याला पर्याय नाही. एक मात्र आवर्जून करा. पूर्वअटींची साखळी हाताने कागदावर काढा. एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल आणि पुढचे विषय त्याच्यावर अडून असतील, तर पहिल्या वर्षी तो हुकला की पदवी वर्षभर पुढे जाऊ शकते. मुलांना हे फार उशिरा कळतं, आणि तेव्हा ती तुमच्यावर चिडतात.

खरं काम त्याच्या पलीकडे आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेरी ओ’बॅनियन यांनी १९७२ साली ॲडव्हायझिंगच्या पाच पायऱ्या मांडल्या: आयुष्यात काय हवंय, त्यासाठी कोणतं काम, त्यासाठी कोणता अभ्यासक्रम, मग विषय आणि सगळ्यात शेवटी वेळापत्रक. विद्यार्थी मात्र पाचव्या पायरीवरूनच आत येतो. “मॅडम, हा विषय काढून टाकायचाय, सही द्या.” सही द्यायला मिनिटही लागत नाही. पण त्या विनंतीमागे रात्रपाळीची नोकरी असेल, घरातलं आजारपण असेल, परीक्षेच्या आधी छाती धडधडणं असेल, किंवा नुसताच कंटाळा असेल. फॉर्म तोच, उत्तर प्रत्येकाला वेगळं. पैशाच्या ओढाताणीमुळे विषय सोडणारा मुलगा पूर्णवेळ विद्यार्थी ठरण्याच्या मर्यादेखाली गेला, तर त्याची आर्थिक मदतच कमी होण्याची भीती. अमेरिकेत सरकारी मदतीसाठी पदवीच्या विद्यार्थ्याची ही मर्यादा साधारणपणे सत्राला १२ क्रेडिटची असते. म्हणजे ज्या ओझ्यातून सुटायला तो आला, ते आपणच सही करून वाढवायचं! म्हणून “का?” असं दरडावल्यासारखं न विचारता “हल्ली काय बदललं?” असं विचारा. मुलं बोलतात.

आणि बोलायला लागली की सापळा समोर येतो. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण त्यात मी चांगलीच अडकले होते.

विद्यार्थिनी दाराकडे बघते आणि म्हणते, “एक सांगू? पण कुणाला सांगू नका.” तोंडात उत्तर तयार असतं: “नाही गं, बोल ना.” मलाही मोठ्यांनी तेच शिकवलं होतं, आधी विश्वास मिळवा, बाकीचं नंतर. एकदा त्या “बोल ना”नंतर जे ऐकलं ते मला त्याच दिवशी वर कळवावं लागलं. “तुम्ही शब्द दिला होतात,” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

नीट समजून घ्या, इथे नियम मोडण्यापेक्षा वेगळंच काहीतरी बिघडतं. तुमच्या शब्दावर विसंबून ती किती सांगायचं ते ठरवते. ॲडव्हायझर म्हणजे समुपदेशक नव्हे. समुपदेशकाच्या गुप्ततेला व्यवसायाचे आणि कायद्याचे नियम असतात, आणि तिलाही सीमा असतात. तुमच्यावर मात्र अनेक ठिकाणी छळाची तक्रार कानावर आली की पुढे कळवायचं बंधन असतं. हे आधी माहीत असतं, तर ती कदाचित थेट समुपदेशकाकडे गेली असती. ती निवड तिच्या हातून गेली, आणि ती नेली आपल्या गोड बोलण्याने.

मी आता हे म्हणते: “तुझं बोलणं शक्यतो माझ्यापाशीच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, किंवा छळाची गोष्ट असली, तर मला कळवावं लागतं. कुणाला कळवणार ते आधी तुला सांगेन.” हे तिने सुरुवात करण्याआधी म्हणायचं. रडू फुटल्यावर म्हटलं तर ते दार आपटल्यासारखं वाटतं. काही मुलं हे ऐकून गप्प होतात. होऊ द्या. समुपदेशकाचं नाव आणि वेळ लिहून द्या.

अमेरिकेतला विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीचा १९७४ चा कायदाही याच धर्तीवर आहे. कॉलेजात प्रवेश घेतला की नोंदींवरचा हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातो, पण आरोग्य किंवा सुरक्षिततेची आणीबाणी आली तर माहिती देता येते. कायद्यानेच जिथे अपवाद ठेवलाय, तिथे आपण बिनशर्त शब्द कशाच्या जोरावर देतो?

जिवाची शंका आली तर आडून विचारू नका. “मरणाचे विचार येतात का?” असं थेट विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, तिथूनच फोन लावा.

इतर वेळीही “अमक्या विभागात जा” एवढं सांगून पाठवलेली मुलं बहुतेक जात नाहीत. आपल्यासमोर भेटीची वेळ ठरवा, जमलं तर सोबत चला, आठवड्याने विचारा. त्यासाठी आर्थिक मदत, समुपदेशन, अपंग विद्यार्थी सेवा या कार्यालयांत आधी स्वतः जाऊन या आणि तिथे किती दिवसांची रांग आहे ते बघून ठेवा. हजेरी घसरली की लाल खूण दाखवणारी सॉफ्टवेअर उपयोगी असतात, पण ती हजेरी घसरल्याचं सांगतात, कारण नाही. आणि “माझा नंबर घे, रात्री कधीही फोन कर” म्हणणारे मेंटॉर मला पटत नाहीत. दोन वर्षांत ते थकतात आणि मुलांना टाळायला लागतात.

घाबरू मात्र नका. बऱ्याच भेटी खरोखर वेळापत्रकाच्याच असतात. भेट झाली की नोंद त्याच दिवशी लिहा: काय विचारलं, काय ठरलं, कुणाकडे पाठवलं. “आळशी वाटतो”, “घरचं वातावरण ठीक दिसत नाही” असले शेरे नकोत. ही नोंद उद्या विद्यार्थी स्वतः मागून वाचू शकतो, आणि तुमच्या जागी येणारा नवा ॲडव्हायझर त्या शेऱ्यावरूनच त्याला ओळखायला लागेल.