गोवा सोडताना मोठा फोटो प्रिंटर विकायचाय? आधी नोझल चेक काढा

चालू प्रिंटर आणि महिनाभर बंद पडलेला प्रिंटर या बाजारात दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्याला गिऱ्हाईक मिळतं, दुसऱ्याचे सुटे भाग जातात. म्हणून बदलीची तारीख ठरली की जाहिरातीआधी एक सवय लावा: दोन दिवसाआड सगळे रंग वापरणारी ए४ एवढी एक प्रिंट. पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली शाई) हेडात, म्हणजे कागदावर शाई फवारणाऱ्या भागात, सुकली की परत विरघळेलच असं नाही. बंद करतानाही मशीनच्या बटणानेच बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नको. मध्येच वीज गेली तर हेड आपल्या रबरी टोपीवर (कॅपवर) न बसता उघडं राहतं आणि रात्रभरात कोरडं पडतं. पावसाळ्यात गावाकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको, तेव्हा यूपीएस विकायच्या यादीत शेवटी घाला.

वेळही पाहून घ्या. जून लागला की खोलीतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, कागद फुगून कडा उचलतात, हेड कागदाला घासतं आणि गिऱ्हाइकासमोरची प्रिंट खराब येते. एप्रिल-मे उत्तम. ते चुकलं तर चतुर्थी आटोपल्यावर, कारण तुळशीलग्नानंतरच्या लग्नसराईसाठी स्टुडिओवाले त्याच सुमारास खरेदीला लागतात.

आता खरी परीक्षा. साध्या कागदावर नोझल चेक, म्हणजे हेडाची सगळी छिद्रं (नोझल) शाई सोडतात का ते दाखवणारा मशीनचा चाचणी नमुना, काढा आणि भिंग घेऊन बसा. प्रत्येक रंगाचा पायऱ्या-पायऱ्यांचा ठोकळा दिसेल. हरवलेली रेघ (गॅप) एक-दोन असेल तर मशीनच्या मेन्यूतलं साधं हेड क्लीनिंग पुरतं. क्लीनिंगनंतर दुसरा नमुना काढून दोन्ही शेजारी ठेवा. गॅप दर वेळी जागा बदलत असेल तर नळीत हवा शिरली आहे, डॅम्पर (हेडाआधीची शाईची छोटी डबी) थकलाय किंवा कॅप शाई नीट ओढत नाही. गॅप त्याच जागी ठाण मांडून असेल तर नोझल घट्ट बुजलंय किंवा मेलंय. पहिल्या प्रकारात मशीन रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुन्हा बघा, बऱ्याचदा सुधारतं. क्लीनिंगवर क्लीनिंग चालवणं हा मात्र पैशांचा धूर आहे: शाई मेंटेनन्स टँकमध्ये (वाया गेलेल्या शाईच्या डब्यात) जाते, टँक भरला की मशीन अडतं, आणि गॅप वाढलेले असू शकतात.

पुढे कॅपिंग स्टेशन, म्हणजे काम नसताना हेड जिथे कॅपवर बसतं ती जागा. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हेड बाजूला घ्या. कॅपच्या रबरी कडेवर सुकलेल्या शाईचा चिकट, चॉकलेटी थर असतो. धागे न सुटणारी स्वॅब आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन तो हलक्या हाताने काढा. नळाचं पाणी आणि स्पिरिट नको. हेडच्या तोंडाला बोट किंवा कापूस लावू नका. हेड पुसणारी रबरी पट्टी, म्हणजे वायपर, तीही तशीच पुसा.

किनाऱ्याजवळच्या घरात आणखी एक दुखणं असतं: हेड ज्यावरून आपली जागा ओळखतं ती पारदर्शक पट्टी, म्हणजे एन्कोडर स्ट्रिप, शाईचा फवारा आणि खारी हवा यांनी धुरकट होते. मग कॅरेजचा (हेड घेऊन सरकणाऱ्या गाडीचा) एरर येतो आणि लोक मदरबोर्डला दोष देतात. किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, पण दाब देऊ नका. छपाईच्या रेघा एकदा खरवडल्या की पट्टी बदलायचीच. पट्टीवर किंवा कॅरेज ज्यावर सरकते त्या दांड्यावर गंजरोधक तेलाचा फवारा मारला तर नवीनच काम उभं राहतं.

किंमत ठरवताना एपसन आणि कॅनन एकाच मापाने मोजू नका. एपसनच्या मोठ्या मशीनचं हेड बदलायला तंत्रज्ञ लागतो आणि खर्च इतका येतो की जुन्या मशीनमध्ये तो परवडत नाही. कॅनन इमेजप्रोग्राफ प्रो-२००० किंवा प्रो-४००० मध्ये हेड गिऱ्हाईक स्वतः बदलू शकतं. त्यामुळे एपसन विकताना स्वच्छ नोझल चेक हीच किंमत, कॅननमध्ये हेड किती जुनं ते विचारलं जाणार. उरलेली शाई वेगळी मोजा: प्रत्येक कार्ट्रिजची टक्केवारी आणि एक्स्पायरी लिहा, न उघडलेल्या कार्ट्रिज स्वतंत्र दाखवा. शाई फुकट घालून "सगळं एकत्र इतके" म्हणाल तर घासाघीस नेमकी त्या शाईवरच सुरू होते.

जाहिरातीत मॉडेल, रुंदी, कोणती शाई, मशीनच्या रिपोर्टमधला वापर, रोलचे स्पिंडल (रोल अडकवायचे दांडे) आणि ३ इंची गाभ्याचे अडॅप्टर, कटर, स्टँड, मेंटेनन्स टँकची पातळी हे सगळं स्पष्ट लिहा. आणि ठळक लिहा: हा फ्लेक्स किंवा बॅनरचा प्रिंटर नाही. नाही तर निवडणुकीचे बॅनर छापायचेत असे फोन येत राहतील. सोबत नोझल चेकचा ताजा फोटो आणि प्रिंट चालू असतानाचा व्हिडिओ द्या. ओएलएक्स चालतं, पण मडगाव-म्हापशापासून बेळगाव-कोल्हापूरपर्यंतच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप गटांत खरं गिऱ्हाईक असतं. कोणी क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

बघायला आलेल्याला स्वतःची फाइल आणायला सांगा. करड्या छटांचा पट्टा, एक गोरा आणि एक सावळा चेहरा आणि काळ्यापांढऱ्यातला फोटो, पूर्ण रुंदीवर. करड्यात आडवे पट्टे दिसले तर कागदाचं फीड अ‍ॅडजस्ट करून बघा. एपसनच्या काही मॉडेलांत फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक एकाच नोझलवर चालतात, बदलताना शाई वाया जाते. हा बदल गिऱ्हाइकाच्या समोर करून दाखवू नका, ज्या कागदावर दाखवायचंय त्याचा काळा आधीच चढवून ठेवा.

जीएसटी नोंदणी असेल आणि खरेदीवेळी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल तर विक्रीवर कराचा हिशोब होतो. सीएला आधी विचारा. माल राज्याबाहेर जाणार असेल आणि किंमत ५०,००० रुपयांवर असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) कोण काढणार तेही टेम्पो येण्याआधी ठरवा.

शेवटी वाहतूक. ४४ इंची मशीन दीड ते दोन मीटर लांब आणि शंभर किलोच्या आसपास किंवा जास्त असतं. चार जणांखाली उचलू नका. जुन्या घराच्या बाल्कावच्या (पुढच्या ओसरीच्या) पायऱ्या आणि दार आधी मापून ठेवा. कॅननमध्ये मेन्यूतच हलवण्याची तयारी असते. त्यात नळ्यांतली शाई मेंटेनन्स कार्ट्रिजमध्ये (कॅननच्या वाया शाईच्या डब्यात) ओढली जाते, म्हणून त्या कार्ट्रिजमध्ये जागा हवी, नाहीतर ऐन वेळी नवी आणावी लागते. एपसनमध्ये मॅन्युअल वाचून तसंच करा. कार्ट्रिज झिप पिशवीत, स्टँड सुटा, कॅरेज टेपने बांधलेली, मशीन सरळ. आडवं टाकलं की शाई आत सांडते. बेळगावच्या वाटेवरच्या चोर्ला घाटातली वळणं लक्षात घेऊन पॅलेटला दोन पट्टे बांधा आणि वर ताडपत्री.

हार्ड डिस्क असेल तर ग्राहकांच्या फाइली पुसा, आरआयपीचा (फाइल प्रिंटरसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डोंगल किंवा लायसन्स हस्तांतरित होतं का ते विचारा. पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर, "आहे त्या स्थितीत, वॉरंटीशिवाय" आणि त्या दिवशीच्या नोझल चेकची सही केलेली प्रत जोडा.