आधी अर्थची वायर बघा, मग बल्ब

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे जत्रा सुरू होतात, आणि मी पेटी गाडीत टाकून रात्री घराबाहेर पडायला लागतो. दशावतारी नाटकात पेटीची साथ करायची म्हणजे रात्र जागायची आणि पहाटे चार-पाचला गाडी हाकत घरी यायचं. घर सिंधुदुर्गातल्या परुळ्याजवळ, अंगणात समुद्राची गाज ऐकू येते. गाडी २००५ ची सँट्रो. हे सगळं आधी सांगतो, कारण माझ्या गाडीच्या दिव्यांचा निम्मा इतिहास या खाऱ्या वाऱ्यात आहे.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका जत्रेवरून परतताना वालावलच्या अलीकडच्या वळणावर गवा उभा होता. काळं अंग, काळा रस्ता. मला तो दिसला तेव्हा आमच्यात दहा-बारा पावलांचं अंतर होतं. शेजारी पखवाजवाले काका झोपले होते, ब्रेकने जागे झाले. गवा शांतपणे झाडीत गेला. मी मात्र बराच वेळ गाडी सुरू करू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी शंभर वॅटचे बल्ब घ्यायचे ठरवून मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बल्ब काढून उजेडात धरला आणि म्हणाले, "बल्ब बरो आसा. मिठान अर्थ खाल्ल्यान." म्हणजे बल्ब चांगला आहे, करंट बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारा अर्थचा जोड मिठाने खाल्ला. तेव्हापासून माझ्या आणि ओळखीच्यांच्या मिळून पाच-सहा जुन्या गाड्यांचे दिवे मी स्वतः सुधारले. मेस्त्रींचं ते वाक्य जवळजवळ प्रत्येक गाडीला लागू पडलं.

म्हणून पहिली खरेदी बल्बाची नको, साध्या मल्टिमीटरची करा. तो वीस व्होल्ट डीसीवर लावा. इंजिन चालू ठेवा, दिवे लावा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. त्याहून बरंच कमी असेल तर दोष दिव्यांचा नाही, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघावा लागेल. मग बल्बाच्या होल्डरमागे, बल्ब पेटलेला असताना, वायर जिथे पिनेला भिडते तिथे मीटरची टोकं लावा. होल्डर काढून मोजू नका. करंट वाहत नसेल तर गंजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि आपण फसतो. माझ्या गाडीत बॅटरीवर १३.९ होतं आणि डाव्या बल्बावर १२.१.

एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटेल. पण हॅलोजन बल्बाला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो. माझा डावा दिवा चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड गमावून बसला होता, तोही बल्ब धडधाकट असताना.

आता हे व्होल्टेज कुठे हरवतं ते शोधायचं. दिवे चालूच ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं बल्बाच्या प्लस पिनेवर लावा. जो आकडा येईल तो प्लसच्या वाटेवरचा तोटा. मग बल्बाची अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजा, तो अर्थच्या वाटेवरचा. माझ्याकडे प्लसवर ०.५ आणि अर्थवर १.३ आलं. डाव्या दिव्यामागे बॉडीला जिथे अर्थची वायर बोल्टाने बसवलेली होती, तिथे हिरवा जंगाल आणि पांढरी भुकटी साचली होती. किनाऱ्यावरच्या गाडीत ही जागा सगळ्यात आधी जाते.

मीटर नसेल तरी अर्थ गेल्याच्या खुणा दिसतात. एकच दिवा पिवळट आणि मंद पेटतो. डिपर मारला की जो पेटायला नको तोही हलकेच उजळतो, कारण करंट परतीची वाट दुसऱ्या तारेतून शोधतो. एक बाजू पूर्ण बंद असेल तर आधी दोन्ही बल्बांची अदलाबदल करून बघा. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब गेलाय, नाहीतर वायर. दोन्ही डीम (जवळचा उजेड) एकदम गेले आणि अप्पर (लांबचा उजेड) चालू असेल तर फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) किंवा स्टिअरिंगवरचा स्विच बघा.

अर्थ साफ करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा. बोल्ट उघडा आणि बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर बोल्ट कसून उपयोग नाही. वायरीचं टोक आतून काळं पडलं असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत कापा, नवा लग (बोल्टात बसणारी धातूची कडी) दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, कसा आणि मगच वरून व्हॅसलीन फासा. मी त्याच्या जोडीला २.५ स्क्वेअर एमएमची एक नवी वायर दोन्ही दिव्यांच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत ओढली. अर्थवरचा तोटा १.३ वरून ०.२ वर आला. तेव्हा खर्च दीडशे रुपयेही आला नाही. त्या रात्री पाट गावच्या रस्त्याला मी प्रथमच कडेचे जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी बांध, नीट पाहिले.

प्लसकडचा तोटा मोठा असेल तर रिले लावावा लागतो. काही गाड्यांत तो कंपनीकडूनच असतो, म्हणून आधी फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा वाचा. मेहुण्याच्या जुन्या मारुती ८०० मध्ये तो नव्हता. दोन्ही दिव्यांचा सगळा करंट, साधारण आठ-नऊ अँपियर, स्विचमधून जात होता आणि स्विच हाताला गरम लागायचा. डीमला एक आणि अप्परला एक असे दोन रिले घ्यायचे. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून बल्बाकडे, आणि ८५-८६ पैकी एकावर जुनी दिव्याची वायर, दुसऱ्यावर अर्थ, म्हणजे स्विच आता फक्त रिलेला हुकूम देतो. पंधरा अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. रिले शक्यतो पिना खाली करून, पाणी उडणार नाही अशा उंचीवर बसवा.

एक धोका मात्र जरूर लक्षात ठेवा. काही गाड्यांत स्विच प्लस तोडत नाही, अर्थ तोडतो. होल्डर काढून, दिवे चालू ठेवून डीम आणि अप्पर दोन्ही वेळा मोजा. एकच पिन कायम बॉडीशी बारा व्होल्ट दाखवत असेल तर तुमची गाडी त्या पद्धतीची आहे. तिला बाजारातला साधा तयार हार्नेस (जोडलेल्या वायरींचा जुडगा) चालत नाही.

बल्बाबद्दल माझं मत ठाम आहे. एच-४ प्रकारचा (डीम-अप्पर दोन्ही तारा एकाच बल्बात), ६०/५५ वॅटचा, फिलिप्स किंवा ओसरामसारखा चांगला बल्ब पुरतो. शंभर वॅटच्या बल्बाने होल्डर वितळतो, आतला आरसा करपतो, आणि तो कायद्यातही बसत नाही. मी मध्यंतरी निळसर पांढरे एलईडी बल्बही घालून पाहिले. गाडीसमोर दहा पावलांवर लख्ख उजेड, पण वळणापलीकडे काही नाही. समोरून येणारा एसटीचा चालक सारखा डिपर मारायचा, आणि पावसात तर समोर पांढरी भिंत उभी राहायची. कारण सोपं आहे. हॅलोजनच्या डीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, आरशाच्या खालच्या भागावर पडून वर जाणारा उजेड ती अडवते, आणि दिव्याचा आरसा त्याच मापाने घडवलेला असतो. एलईडीची चकती त्या जागी नेमकी बसत नाही आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आमच्या अरुंद रस्त्यांवर समोरचा आंधळा झाला तर तो माझ्याच अंगावर येणार. चार दिवसांत ते काढून टाकले. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, आणि मागचं रबर नीट दाबून बसवा, आत ओल तिथूनच शिरते. आतला आरसा मात्र पुसू नका, त्याचा मुलामा निघून येतो.

दिव्याची काच प्लॅस्टिकची असेल तर उन्हाने पिवळी पडते. कडेने मास्किंग टेप लावून पाण्याखाली १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने चालवा, मग कंपाउंडने घासा. टूथपेस्टने चार दिवस बरं दिसतं. घासल्यावर कंपनीचा संरक्षक थर गेलेला असतो, म्हणून वरून यूव्ही रोखणारा क्लिअर कोट मारावाच लागतो. पहिल्यांदा मी तो मारला नाही, आणि पुढच्या पावसाळ्याआधी काच पुन्हा पिवळी झाली.

शेवटी दिव्यांचा नेम. हे काम लोक सोडूनच देतात. टायरची हवा नीट ठेवा आणि सपाट जागी भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी उभी करा. मी देवळाच्या धर्मशाळेची भिंत वापरतो. दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर मांडा आणि डीमची वरची कड त्या रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली आणा. कड डावीकडे चढायला हवी, उजवीकडे सपाट. गाडी नेहमी भरलेली असते तशीच भरून हे करा. मागे पेटी, पखवाज आणि तीन माणसं बसली की गाडीचं नाक वर जातं आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर.

आता दरवर्षी खंडेनवमीला, गाडीला हार घालायच्या आधी, मी बॉनेट उघडून तो अर्थचा बोल्ट सोडतो, घासतो, पुन्हा कसतो आणि मीटर लावतो. पाऊस सरलेला असतो, जत्रा यायच्या असतात. यंदा डाव्या बल्बावर १३.४ आलं.