स्लॅबला ओल येते, पण पाणी शिरतं कुठून?

जूनमध्ये छताला पिवळट-तांबूस कडेचा डाग उमटला की कोकणातल्या बहुतेक घरांत एकच होतं. कुणीतरी गच्चीवर जाऊन डागाच्या बरोबर वरची चीर शोधतं, तिथे सिमेंटचं पाणी ओतून खाली येतं. पुढच्या सरीला डाग पुन्हा ओला! कोबा (स्लॅबवरचा पाणी रोखणारा थर) आणि स्लॅब यांच्या मधून पाणी चार-पाच फूट सहज सरकतं आणि जिथे स्लॅब कच्चा, तिथे उतरतं. डागाच्या जागेवर फार विसंबू नका. तो कधी ओला होतो ते टिपा.

त्यासाठी पेन्सिल पुरे. डागाची कड आखा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, पावसाच्या प्रत्येक उघडीपीनंतर पुन्हा आखा. पंख्याच्या हुकातून किंवा लाईटच्या पॉईंटमधून पाणी येत असेल तर मात्र आधी त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) पाडा. अशा वेळी पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाईपातून वाहत आलेलं असतं, म्हणजे मूळ दुसऱ्या खोलीच्या वरही असू शकतं.

पंधरा दिवसांत नोंदी बोलू लागतात. सर सुरू झाल्यावर तासाभरात ओल आली, तर वाट थेट आहे: उघडी चीर, पाईपाभोवतीची फट, नाहीतर पत्र्याच्या शेडच्या खांबांचे बोल्ट. शेड गळती थांबवायला घातलेली असते आणि तिचेच बोल्ट स्लॅबला भोक पाडतात, हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं. पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस ठिबकत राहिलं, तर विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात पाणी मुरून बसलं आहे. फक्त वाऱ्याच्या पावसात ओल येत असेल तर नैर्ऋत्येकडचा आणि पश्चिमेचा कठडा बघा. चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो; गिलावा नसलेल्या किंवा माथा उघडा असलेल्या कठड्यातून ते खाली झिरपतं. ऐन उन्हाळ्यातही डाग ओलाच असेल, तर रात्री टाकीचे सगळे कॉक बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर टाकी गळते. नसेल, तर नळाचे पाईप तपासा.

काही ओल गळतीची नसतेच. डागावर आणि जवळच्या कोरड्या भागावर वीतभर ॲल्युमिनियम फॉईल चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. फॉईलच्या खाली थेंब आले तर ओल स्लॅबमधून येते, खोलीच्या बाजूने आले तर ती हवेतली वाफ. बंद स्वयंपाकघरात कोपऱ्यात काळी बुरशी धरते, पण तांबूस कड दिसत नाही, ती याच वाफेमुळे. तिसरा प्रकार किनाऱ्यालगत दिसतो. न धुतलेली खाडीची वाळू गिलाव्यात गेली असेल तर तिच्यातलं मीठ दर पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी ओढतं. डाग त्याच आकाराचा उमटतो, ठिबकत कधीच नाही, हवा सुकली की आपोआप जातो. त्यावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं.

आता डाग हातोडीने हलकेच ठोका. बद आवाज आला तर गिलावा सुटला आहे. गंजाचे ओघळ किंवा पोपड्याआड उघडी सळई दिसली, तर पुढची पाण्याची चाचणी करू नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

गच्चीवर पाणी साठवून बघायची ही चाचणी दिवाळीनंतर करावी. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि १०×१० फुटांवर ४ सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ ३७० लिटर, तेवढेच किलो वजन. डाग आठ दिवस पूर्ण कोरडा राहिला की सुरुवात करा. पावसाळी पाईपाचं तोंड वाळू भरलेल्या पिशवीने बंद करा. तिथे साचलेला आंब्या-फणसाचा पाला आधी काढा, कधीकधी सगळं दुखणं तेवढंच असतं. संशयित भागाभोवती ७-८ सेंटिमीटर उंच मातीचा बांध घाला, पण कठड्यापासून फूटभर आत. ४ सेंटिमीटर पाणी भरून ४८ तास ठेवा. शेजारी पाण्याची बादली ठेवून दोन्हीकडे पातळीची खूण करा. बादलीत पाणी जेवढं उतरलं तेवढं उन्हाने गेलं, गच्चीवर त्याहून जास्त उतरलं तर ते आत गेलं. उताराकडच्या भागापासून सुरू करून एकेक भाग वर सरका. सगळी गच्ची एकदम भरली तर गळती आहे एवढंच समजतं, ती कुठे ते नाही.

मधला भाग कोरडा निघाला, तर बांध मोडून पाणी कठड्याला भिडवा. आता खाली ओल आली तर कठड्याच्या पायथ्याचा वाटा (गच्ची आणि कठड्याच्या सांध्यावरचा सिमेंटचा गोलसर उतार) फुटला आहे. तोही ठीक असेल तर गच्चीचं पाणी काढून, पावसाळी पाईप मोकळा करून कठड्यावर नळीने पाणी मारा: खालची फूटभर उंची अर्धा तास, मग वरचा भाग, शेवटी माथा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून खाली येतात आणि फट कुठली ते कळत नाही.