डॉल्फिनसोबत फोटो काढायला निघालात? आधी या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या वर चढला की नवी पेठ, सात रस्ता भागातल्या टूरवाल्यांकडं दुबई, बँकॉक, बालीची चौकशी वाढते. पॅकेजच्या कागदावर ‘डॉल्फिन शो’ किंवा ‘डॉल्फिनसोबत पोहा’ अशी एखादी ओळ असली की पोरं तीच धरून बसतात. मोठ्यांनाही यातलं काही सवयीचं नसतं, कारण आपल्या देशात असले कार्यक्रमच नाहीत. १९९८ मध्ये चेन्नईजवळ एक प्रयत्न झाला होता, तिथं आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. पुढं मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं राज्यांना कळवलं, की डॉल्फिन पाळून खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नका.

परदेशात जाऊन ते बघावं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. सिमेंटच्या छोट्या हौदात दिवसभर खेळामागून खेळ लावणाऱ्या ठिकाणी पाऊल टाकू नये, हे माझं मत मी कुणापासून लपवत नाही. पण पुष्कळदा तिकिटं आधीच निघालेली असतात, नातवंडांना शब्द दिलेला असतो. मग निदान आपल्या पायी त्या जनावराला जास्तीचा ताप होऊ नये, एवढं तरी बघता येतं. पर्यटकांच्या बहुतेक चुका मला एकाच जागी येऊन थांबताना दिसतात: डॉल्फिनलाही ‘आज नको’ म्हणायचं असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच नसतं.

हसरा चेहरा बघून निर्धास्त होणं

या कार्यक्रमांत बहुतेक ठिकाणी बॉटलनोज जातीचा डॉल्फिन असतो. त्याच्या जबड्याची ठेवणच अशी आहे की तो कायम हसतोय असं वाटतं. आजारी असला तरी तसाच दिसतो, मेल्यावरही तसाच. त्यामुळं तोंड बघून काही कळत नाही, अंग वाचावं लागतं. सांगोला-मंगळवेढ्याकडचा शेतकरी खिलार बैलाचे कान आणि शेपटी बघून सांगतो, की आज याच्या जवळ जाऊ नका. इथंही नजर तशीच लागते.

काय बघायचं? जबडा जोरात मिटून ‘टक्’ असा आवाज काढणं, तोंड उघडं ठेवून समोर येणं, शेपटी पाण्यावर आपटणं, मान झटकणं, नाकपुडीतून एकदम मोठ्यानं फुस्स करणं, शरीराला बाक देऊन आडवं होणं. ही सगळी चिडीची किंवा धास्तीची लक्षणं आहेत. लोक मात्र शेपटी आपटली की टाळ्या वाजवतात! अर्थात शिट्टी वाजल्यावर, हाताचा इशारा झाल्यावर आपटली तर तो शिकवलेला खेळ असतो. इशारा नसताना आपटली तर दोन पावलं मागं सरा. उलट टोकाचं लक्षणही ओळखून ठेवा: पाण्यावर ओंडक्यासारखं निपचित पडून राहणं. काही वेळ तशी विश्रांती घेणं स्वाभाविक आहे, पण शेजारी माणसं, मासे, सोबती सगळं असताना तासन्‌तास तसंच पडून राहणारा डॉल्फिन ठीक नसतो.

बुकिंगच्या वेळी भलतेच प्रश्न विचारणं

फोटो पॅकेजमध्ये आहे का, शाकाहारी जेवण मिळेल का, हॉटेलवरून गाडी येईल का. आपले प्रश्न इथं संपतात. खरा प्रश्न एकच आहे आणि तो सरळ विचारावा: ‘डॉल्फिननं आज काम केलं नाही, तर त्याला दिवसभराचे मासे पूर्ण मिळतात का?’

या प्रश्नाला एवढं वजन का, ते सांगतो. डॉल्फिनला शिकवतात ते शिट्टी आणि बक्षीस या पद्धतीनं. बरोबर केलं की शिट्टी, शिट्टी झाली की मासा. पद्धत चांगली आहे. याच पद्धतीनं डॉल्फिन रक्त तपासायला शेपटी पुढं करायला शिकतात, आणि तेव्हा त्यांना जाळ्यात पकडावं लागत नाही. पण मासा हे त्याचं फक्त अन्न नाही. आपण पाणी पितो तसं डॉल्फिन समुद्राचं पाणी पीत नाही, अंगाला लागणारं पाणी त्याला मुख्यतः माशांतूनच मिळतं. म्हणजे काम नाकारलं म्हणून मासे तोडले, तर उपासाबरोबर तहानेचीही शिक्षा होते. चांगल्या ठिकाणी रोजचं वजन ठरलेलं असतं, मोठ्या डॉल्फिनला साधारण आठ-दहा किलो, आणि खेळ झाला न झाला तरी संध्याकाळपर्यंत ते पोटात जातंच. मासे गोठवलेले असतात आणि गोठवल्यानं त्यांतलं जीवनसत्त्व बी-१ कमी होतं, म्हणून माशाच्या कल्ल्यात गोळी घालून देतात. तिथल्या माणसाला याबद्दल विचारून बघा. ज्याला काम येतं तो खुशीनं पाच मिनिटं बोलतो. ज्याला प्रश्नाचाच राग येतो, तिथं आपली शंका वाढली तर ते बरोबरच आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९९८ मध्ये डॉल्फिनसोबत पोहण्याच्या कार्यक्रमांसाठी नियम केले होते: एका डॉल्फिननं दिवसात दोन तासांपेक्षा जास्त वेळ पाहुण्यांसोबत असू नये, चोवीस तासांत सलग दहा तास तरी त्याला माणसांपासून मोकळीक हवी, एका डॉल्फिनमागं तीनपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि पाण्याचा एक भाग असा असावा की तिथं डॉल्फिनला केव्हाही जाता येईल पण पाहुण्यांना नाही. पुढच्याच वर्षी या नियमांची अंमलबजावणी स्थगित झाली. तरी मोजपट्टी म्हणून ते आजही कामाला येतात. आपल्या गटात बारा जण आणि डॉल्फिन एक, असं निघालं तर बुकिंग करण्याआधीच हिशेब कळतो. जमलं तर सकाळची पहिली वेळ घ्या. दिवसाच्या शेवटच्या तुकडीला वाट्याला येतं ते कंटाळलेलं जनावर.

बांगड्या, जोडवी, नखं आणि खोबरेल तेल

डॉल्फिनची कातडी रबरासारखी घट्ट वाटते, पण नखाचा ओरखडासुद्धा तिच्यावर उमटतो. म्हणून अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, पैंजण आधीच हॉटेलवर ठेवायचे. ‘अहो, मंगळसूत्र कसं काढू?’ हा प्रश्न आपल्या गटात येणारच, आणि तिथं वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या मावशींना काढायचं नसेल त्यांनी काठावरून बघावं, फोटो तिथूनही चांगला येतो. जोडवी निघतच नसतील तर तेच. नखं आदल्या रात्री कापा.

तेलाचं मात्र कुणी मनावर घेत नाही. डोक्याला चोपडलेलं खोबरेल आणि अंगाला फासलेलं सनस्क्रीन यांचा तवंग तलावावर येतो, आणि डॉल्फिनची नाकपुडी डोक्यावर असते. तो श्वास घ्यायला येतो तो नेमका त्याच तवंगात. शॉवर नीट घेऊनच उतरा. ऊन लागू नये म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घालणं हे कधीही बरं.

सर्दी-खोकला असेल, अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात जाऊ नका. आजार माणसाकडून डॉल्फिनकडं जातात आणि त्याच्याकडून माणसाकडंही येतात.

वाटेल तिथं हात लावणं

नाकपुडी आणि डोळे यांच्या आसपास हात नको, एवढं बहुतेकांना सांगितलेलं असतं. डोळ्याच्या मागं बारीक टाचणीएवढं कानाचं भोक असतं, ते मात्र कुणाला माहीत नसतं. हात फिरवायचा तो प्रशिक्षक सांगेल तेव्हाच, उघड्या तळहातानं, डोक्याकडून शेपटीकडं. पाठीवरचा पंख धरून ओढत नेण्याची हौस सोडून द्या. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस लटकतोय, हे त्या जनावराच्या पाठीला कळतं. मिठी आणि पापी हा फोटोवाल्यांचा धंदा आहे. आणि एक विसरू नका: त्या तोंडात ऐंशी-शंभर दात असतात.

पाण्यात काहीबाही पडू देणं

चीनमधल्या फूशुन शहरात डिसेंबर २००६ मध्ये दोन डॉल्फिननी तलावाच्या काठाचे प्लॅस्टिकचे तुकडे गिळले. उपकरणं आत घातली की पोट आकुंचन पावायचं, काही निघेना. शेवटी त्या वेळचे जगातले सर्वांत उंच म्हणून नोंद असलेले बाओ शीशुन यांना बोलावलं. त्यांचा हात एक मीटरहून लांब. डॉल्फिनच्या जबड्याला टॉवेल बांधून तोंड उघडं धरलं आणि त्यांनी हात घालून तुकडे काढले. दोघेही वाचले. दरवेळी एवढा लांब हात कुठून आणणार?

डॉल्फिन कुतूहलापोटी वस्तू तोंडात घेतो आणि गिळतो. ती पोटाच्या पहिल्या कप्प्यात अडकून बसते. केसांचा चाप, बाटलीचं झाकण, नाणं, कानातलं, गुटख्याची पुडी. हो, पुडीसुद्धा. शर्टाचा खिसा रिकामा करूनच काठावर जा. काही पडलंच तर लाजेपोटी गप्प बसणं ही सर्वांत वाईट गोष्ट. लगेच ओरडून प्रशिक्षकाला सांगा, स्वतः उडी मारू नका.

ऐनवेळी अडचण आली तर

डॉल्फिन जवळच येत नाही: नसेल येत तर राहू द्या. पाणी हातानं थापटणं, शिट्ट्या मारणं, ‘ए, इकडं ये की’ हे सगळं बंद. प्रशिक्षक त्याला थोडी उसंत देऊन पुन्हा बोलावेल किंवा दुसरा डॉल्फिन आणेल. ‘आम्ही पैसे भरलेत’ हे वाक्य अशा वेळी उच्चारलं, की त्याचा भार प्रशिक्षकावर पडतो आणि प्रशिक्षकाकडून डॉल्फिनवर. त्यापेक्षा बुकिंग करतानाच लेखी विचारून ठेवा, की डॉल्फिन आला नाही तर पैसे परत की दुसरी वेळ. जिथं हे धोरण आधीच ठरलेलं असतं, तिथं डॉल्फिनला ओढून आणण्याची घाई कमी असते.

मूल घाबरून रडायला लागलं: पाय झाडत असलेल्या मुलाला पुढं ढकलू नका, बाहेर काढा. मुलाच्या लाथेनं डॉल्फिनही बिचकतो.

डॉल्फिननं हात तोंडात धरला: झटका देऊन ओढू नका, दातांनी कातडी फाटते. हात सैल सोडा आणि प्रशिक्षकाला हाक मारा.

अंगावर दातांच्या समांतर रेघा दिसल्या: थोड्या रेघा डॉल्फिनच्या आपसातल्या भांडणात येतातच. मात्र ताज्या आणि पुष्कळ असतील, डोळे मिटलेले किंवा लाल असतील, पाण्यातून क्लोरीनचा उग्र वास येऊन तुमचेही डोळे चुरचुरत असतील, तर पाण्यात उतरू नका. तारीख, वेळ आणि जे दिसलं तेवढंच लिहून तिथल्या व्यवस्थापनाला आणि ज्याच्याकडून बुकिंग केलं त्या टूरवाल्याला कळवा. आपल्या गावातला टूरवाला पुढच्या वर्षी कोणतं ठिकाण पॅकेजमध्ये ठेवायचं, हे गिऱ्हाईक परत येऊन काय बोलतं त्यावरच ठरवतो.

आणि कोकणात बोटीतून बघणार असाल तर

खरं तर सोलापूरकराला डॉल्फिन बघायला विमान लागत नाही. दापोलीजवळ हर्णै-मुरूडला किंवा मालवण-तारकर्लीला पावसाळा सोडून सकाळच्या बोटी असतात, आणि तिथले डॉल्फिन कुणी शिकवलेले नाहीत. ते बहुतेक पाठीवर उंचवटा असलेल्या हंपबॅक जातीचे, जगभरात संकटात आलेले. त्यांना मासे फेकू नयेत, बोट कळपात घालू नये, त्यांच्या वाटेत आडवी तर मुळीच नाही. लांबच थांबून इंजिन मंद ठेवायला सांगावं. माय-पिल्लू दिसलं तर आणखी लांब.

बोटवाले पाठलाग करतात ते बहुतेक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून. म्हणून बोटीत चढायच्या आधीच सांगून टाका, ‘दादा, डॉल्फिन दिसला नाही तरी पैसे पूर्ण देतो, मागं लागू नका.’