डेटा धो धो येतोय, मग आरटीओएस कोणती घ्यायची?

वाळूज एमआयडीसीत किंवा जालन्याच्या रोलिंग मिलमधी व्हायब्रेशन सेन्सर लावायचे म्हटलं की पोरं आधी आरटीओएसचं (ठरल्या वेळेत काम उरकायची हमी देणारी ऑपरेटिंग सिस्टीम) नाव विचारतात, पण आधी हिशोब करा ना. १६ चॅनल, प्रत्येकी सेकंदाला १ लाख सॅम्पल, १६ बिटचे, म्हणजे सेकंदाला ३.२ एमबी, तासाला साडेअकरा जीबी!

सॅम्पलिंगचं टायमिंग सॉफ्टवेअरवर सोडूच नका, ते एडीसीच्या (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारी चिप) हार्डवेअर क्लॉकला द्या आन् डीएमएनं (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत टाकणारं हार्डवेअर) दोन बफरमधी, म्हणजे मेमरीतल्या दोन तात्पुरत्या जागांत, घ्या, एक भरतोय तवर दुसरा रिकामा करायचा, मग ओएसची डेडलाइन म्हणजे बफर भरायला लागतो तेवढा वेळ, बास. बफर १० मिलिसेकंदाचा असंल तर लिनक्स मस्त चालतं, प्रीएम्प्ट आरटी (लिनक्सला रिअल टाइम करणारा भाग) २०२४ ला लिनक्सच्या ६.१२ कर्नलमधीच आलंय, वेगळा पॅच मारायची गरज राहिली नाही. लगेच मशीन थांबवायचं असंल तर तेवढं काम वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवर, त्यावर फ्रीआरटीओएस नाहीतर झेफिर ही छोटी आरटीओएस टाका, दोन्ही फुकट हायेत.

तुमच्या डेटा घेणाऱ्या कार्डाचा त्या ओएससाठी ड्रायव्हर हाय का ते खरेदीच्या आधीच बघा. आन् सायक्लिकटेस्ट (लिनक्सला ठरल्या वेळी जागं व्हायला किती उशीर होतो ते मोजणारं टूल) रात्रभर चालवा, डिस्कवर लोड टाकून, ॲव्हरेज नाही तर मॅक्सिमम आकडा बघायचा.