गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली तर : खर्च किती आणि फोन करण्याआधी काय पाहावं

अमेरिकेत गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटते ती बऱ्याचदा थंडीत, सकाळी पहिल्यांदा दार उघडताना. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज होतो. काय पडलं म्हणून बघायला जावं तर सगळं जागच्या जागी. मग बटण दाबलं की ओपनर, म्हणजे दार उघडणारी मोटर, घरघरतो, दार चार-सहा इंच वर येतं आणि अडतं. गाडी आत, ऑफिसची वेळ झालेली. अशा घाईत फोनवर जो नंबर सर्वांत वर दिसेल तो लावला जातो आणि तीनशे डॉलरचं काम हजारावर जातं.

आधी खर्चाचा अंदाज सांगतो. शहर आणि दाराचा आकार यांनुसार फरक पडेल, पण दोन गाड्यांच्या नेहमीच्या १६ बाय ७ फुटी दाराला वरच्या दोन्ही स्प्रिंगा बदलायला सामान आणि मजुरी धरून साधारण २५० ते ४५० डॉलर लागतात. एका गाडीच्या लहान दाराची एकच स्प्रिंग असेल तर १५० ते ३००. रात्री, रविवारी किंवा सणाच्या दिवशी बोलावलंत तर वर ५० ते १५० डॉलर. यात प्रत्यक्ष स्प्रिंगची किंमत किती? नेहमीच्या मापाची एक स्प्रिंग ऑनलाइन ४० ते ८० डॉलरला मिळते. बाकीचे पैसे त्या माणसाच्या तासाभराच्या मेहनतीचे, व्हॅनमध्ये योग्य माप तयार ठेवल्याचे आणि जोखमीचे. ते द्यायला हरकत नाही. हजार-बाराशे मात्र देऊ नयेत.

भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी घरमालकाला कळवा. स्प्रिंग झिजून तुटते, त्यामुळे हा खर्च सहसा त्याचा असतो. टाउनहाऊस असेल तर असोसिएशनचे नियम एकदा चाळा. घराच्या विम्यातून झिजेचे पैसे मिळत नाहीत, आणि होम वॉरंटी घेतली असेल तरी ओपनर धरलेला आणि स्प्रिंग वगळलेली असं कलम त्यात पुष्कळदा निघतं.

पहिलं काम : दाराला हात लावू नका

ओपनरचा प्लग काढा. दाराचं सगळं वजन स्प्रिंग तोलते, ओपनर फक्त ढकलायचं काम करतो. स्प्रिंग तुटल्यावर बटण दाबत राहिलात तर ओपनरचे दातेरी चक्र झिजते किंवा दाराला जोडणारा दांडा वाकतो, आणि दुरुस्तीच्या यादीत आणखी एक वस्तू वाढते.

दार बंद स्थितीत असेल तर घाई नाही. दार उघडं असताना स्प्रिंग तुटली असेल तर खरी काळजी घ्यायची. ओपनरवरून लोंबणारी लाल दोरी अशा वेळी अजिबात ओढू नका. ती ओढली की दाराचा ओपनरशी संबंध सुटतो आणि दीडशे पौंडांचं दार थेट खाली येतं. दोन्ही बाजूंच्या रुळांवर, रोलरच्या (रुळात फिरणाऱ्या चाकाच्या) लगेच खाली, लॉकिंग पक्कड किंवा सी-क्लॅम्प घट्ट आवळा आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

गाडी आत अडकली असेल आणि जाणं अगदी भागच असेल, तर बंद दाराची लाल दोरी ओढून दोन-तीन धडधाकट माणसांनी ते उचलता येतं. वर गेल्यावर क्लॅम्प लावायचा, मगच गाडी काढायची. भारतातून आलेल्या आई-बाबांना मदतीला उभं करू नका. तेवढ्या दिवसापुरती उबर परवडते.

कोणती स्प्रिंग आहे ते ओळखा

दाराच्या वर, भिंतीलगत आडव्या लोखंडी दांड्यावर गुंडाळलेली जाड स्प्रिंग असेल तर ती टॉर्शन स्प्रिंग. तुटली असेल तर मध्ये दोनेक इंचांची फट स्पष्ट दिसते. दाराच्या दोन्ही बाजूंना, छताकडे जाणाऱ्या आडव्या रुळांच्या वर लांबट स्प्रिंगा ताणलेल्या असतील तर त्या एक्स्टेन्शन. त्या स्वस्त असतात आणि जुन्या किंवा लहान दारांवर जास्त दिसतात.

तिसराही एक प्रकार आहे. दाराच्या वर नळी दिसते पण स्प्रिंग कुठेच दिसत नाही. वेन डाल्टन या कंपनीच्या टॉर्कमास्टर पद्धतीत स्प्रिंग त्या नळीच्या आत असते. अशा दाराला पुष्कळ जण साधी टॉर्शन पद्धत बसवून घ्यायला सुचवतात. त्यासाठी दांडा, दार उचलणारी केबल, ती गुंडाळणारे ड्रम सगळंच बदलावं लागतं, त्यामुळे खर्च वाढतो. इथे वाढीव किंमत ऐकून लगेच फसवणूक समजू नका. दोन ठिकाणी विचारून घ्या.

माप घ्या, पण जपून

टॉर्शन स्प्रिंगची चार मापं हातात असली की फोनवर समोरचा माणूस सरळ बोलायला लागतो : तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि दाराचा आकार.

जाडीसाठी तुटलेल्या स्प्रिंगचे एकमेकांना चिकटलेले २० वेढे टेपने मोजा आणि येणारी लांबी २० ने भागा. साडेचार इंच भरले तर तार ०.२२५ इंचाची, पाच इंच भरले तर ०.२५०. पावणेपाचच्या जरा पुढे, म्हणजे चार पूर्णांक सात अष्टमांश आले तर ०.२४३. फरक केसाएवढा वाटतो, पण चुकीच्या जाडीची स्प्रिंग बसली तर दार एक तर जड होतं किंवा आपोआप वर सरकतं. आतला व्यास घरगुती दारांना बहुधा पावणेदोन किंवा दोन इंच असतो, आणि स्प्रिंगच्या टोकाच्या धातूच्या कोनवर (शंकूसारख्या तुकड्यावर) तो अनेकदा कोरलेला सापडतो. लांबी म्हणजे तुटलेल्या दोन्ही तुकड्यांची बेरीज, मधली फट सोडून.

दोन स्प्रिंगांपैकी एकच तुटली असेल तर दुसरी अजून पूर्ण पिळलेली आहे हे विसरू नका. तिला हात लावू नका आणि कोनवरच्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूंना तर पान्याचा स्पर्शही नको. दोन-चार फोटो काढून ठेवा. फोटो पाठवला की बरेच जण मापही विचारत नाहीत.

एक्स्टेन्शन स्प्रिंगचं काम सोपं आहे. तिच्या टोकाला रंग लावलेला असतो आणि तो दाराचं वजन सांगतो : पांढरा ११० पौंड, हिरवा १२०, पिवळा १३०, निळा १४०, लाल १५०. त्याच रंगाची जोडी मागायची.

तुमच्या घराला किती सायकलची स्प्रिंग लागेल

पैसे खरे इथे वाचतात, म्हणून जरा थांबून हिशेब करा. दार एकदा उघडून बंद झालं की एक सायकल. नेहमीची स्प्रिंग १०,००० सायकलची असते. दिवसाला चार सायकल धरल्या तर वर्षाला १,४६० होतात, म्हणजे स्प्रिंग सात वर्षांच्या आत संपते.

आपल्या घरांत मात्र चारवर भागत नाही. आपण पुढच्या दाराने क्वचितच ये-जा करतो. चपला गॅरेजमध्ये, तांदळाची पोती गॅरेजमध्ये, मुलांच्या सायकली गॅरेजमध्ये, कचऱ्याचा डबाही तिथेच. पुढचं दार उघडतं ते पाहुण्यांसाठी आणि पार्सलवाल्यासाठी. शाळकरी मुलं आणि दोन नोकऱ्या असलेल्या घरात दिवसाला आठ सायकल सहज होतात. मग १०,००० ची स्प्रिंग साडेतीन वर्षांत जाते, २५,००० ची साडेआठ वर्षं टिकते. जास्त सायकलची स्प्रिंग म्हणजे जाड तारेची, लांब स्प्रिंग. तिच्यासाठी जोडीमागे ५० ते १०० डॉलर जास्त पडतात. मजुरी तेवढीच राहते. त्याच घरात आणखी पाच-सात वर्षं राहणार असाल तर हे पैसे जरूर घाला. पुढच्या वर्षी घर विकायचं असेल तर साधी पुरे.

याच कारणाने दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. एकीने जितक्या सायकल केल्या तितक्याच दुसरीनेही केल्या आहेत. टेक्निशियन दारात उभा असताना दुसरीचे ५० ते १०० डॉलर द्यायला बरे, नाहीतर काही महिन्यांत पूर्ण मजुरी पुन्हा भरावी लागेल.

फोनवर काय विचाराल

किमान तीन ठिकाणी फोन करा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : या मापाच्या दोन स्प्रिंगा, इतक्या सायकलच्या, सामान, मजुरी, येण्याचा चार्ज आणि कर धरून शेवटचा आकडा किती? "माणूस आल्यावर बघून सांगेल" हे उत्तर माप दिल्यानंतरही मिळालं, तर नमस्कार करून फोन ठेवा. या धंद्यातली जुनी युक्ती अशी की जाहिरातीत १९ किंवा २९ डॉलरचा सर्व्हिस कॉल लिहायचा आणि दारात आल्यावर बिल फुगवायचं. नाव स्थानिक वाटतं, फोन कुठल्यातरी दूरच्या कॉल सेंटरला लागतो. कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता विचारा. उत्तर द्यायला जो आढेवेढे घेतो त्याला सोडा.

परवाना तपासणंही पाच मिनिटांचं काम आहे. कॅलिफोर्नियात दारं आणि गेट यांच्या कामाला सी-६१/डी-२८ हा परवान्याचा वर्ग आहे आणि तो राज्याच्या कंत्राटदार मंडळाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदारांची राज्याकडे नोंदणी असते आणि तो क्रमांक १३व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो. व्हॅनवर किंवा पावतीवर तो दिसायला हवा.

घासाघीस करायची तर फोनवरच करा. "दुसरीकडे ३२० सांगितलेत" एवढं वाक्य पुरतं. ऐनवेळी भाव करणं आपल्याला भाजीबाजारात जमतं, इथे माणूस शिडीवर चढल्यावर ते जमत नाही.

टेक्निशियन आल्यावर

काम सुरू होण्याआधी आकडा कागदावर घ्या. त्यानंतर यादी वाढायला लागते. त्यातलं काय मान्य करायचं?

केबलचे धागे सुटले असतील तर ती बदलणं रास्त आहे, कारण त्यासाठीही स्प्रिंग सैल करावीच लागते. दोन स्प्रिंगांच्या मधलं बेअरिंग खडखडत असेल तर तेही घ्या, स्वस्त असतं. रोलरची गोष्ट वेगळी. चार पट्ट्यांच्या दाराला साधारण दहा रोलर असतात आणि नायलॉनचा रोलर काही डॉलरला मिळतो. डगमगणारे असतील तेवढेच बदला, नग आणि दर विचारून. "संपूर्ण रीबिल्ड किट", "ड्रमही गेलेत", "या स्प्रिंगला हा ओपनर चालणार नाही" असं ऐकू आलं की काय बिघडलं ते प्रत्यक्ष दाखवायला सांगा. व्यवस्थित चालणारा ओपनर स्प्रिंग बदलल्यामुळे निकामी होत नाही. ओपनर १९९३ पूर्वीचा असेल तर मात्र बदलाच. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या ओपनरना दाराखाली कुणी अडकू नये यासाठी सेन्सरसारखी सोय अमेरिकेत कायद्याने सक्तीची आहे. त्याआधीच्यांत ती असेलच असं नाही.

घरच्या घरी करावं का?

टॉर्शन स्प्रिंगबाबत माझं मत स्पष्ट आहे : करू नये. यूट्यूबवर अर्ध्या तासात होताना दिसतं आणि वाचतात दीड-दोनशे डॉलर. पण सात फुटी दाराची स्प्रिंग साधारण साडेसात फेरे, म्हणजे पाव-पाव फेऱ्याने तीस वेळा, हाताने पिळावी लागते. त्यासाठी १८ इंची पोलादी सळयांची जोडी लागते आणि एक सळई नेहमी कोनच्या भोकात असावी लागते. सळईऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरणाऱ्यांचे हात, दात आणि डोळे जायबंदी होतात. सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून शिकायचं हे काम नव्हे.

एक्स्टेन्शन स्प्रिंग हाताची सवय असलेल्याला जमते. दार पूर्ण वर नेलं की तिचा ताण जवळजवळ संपतो. तेव्हा दोन्ही रुळांवर क्लॅम्प लावायचे, प्लग काढायचा, जुनी स्प्रिंग उतरवून त्याच रंगाची नवी अडकवायची आणि दुसऱ्या बाजूलाही तसंच. स्प्रिंगच्या आतून जाणारी सुरक्षा केबल नसेल तर ती नक्की बसवा. पुन्हा कधी स्प्रिंग तुटली तर तुकडा गाडीच्या काचेवर येणार नाही. दार वर न्यायलाच दोन माणसं लागतात, हे धरून चाला.

पैसे देण्याआधी

टेक्निशियनसमोरच लाल दोरी ओढायला सांगा आणि दार हाताने कमरेपर्यंत उचला. ते तिथेच थांबलं पाहिजे. खाली घसरत असेल किंवा वर पळत असेल तर पीळ कमी-जास्त झाला आहे किंवा स्प्रिंगचं माप चुकलं आहे. तो गेल्यावर हे सांगून उपयोग नाही. मग ओपनर जोडून दाराखाली दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला टेकताच ते मागे फिरलं पाहिजे.

पावतीवर तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि सायकलचा आकडा लिहून घ्या. दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख टाका. दर पाच-सहा महिन्यांनी स्प्रिंगवर गॅरेज दारासाठी मिळणारा सिलिकोन किंवा लिथियमचा फवारा मारा, विशेषतः थंडी सुरू होण्याआधी.

"लाइफटाइम वॉरंटी"चा कागद मिळाला तर त्यातली दोन वाक्यं शोधा. पहिलं, मजुरी धरली आहे का. बहुतेकदा फक्त स्प्रिंग फुकट मिळते आणि ती बसवायचे दोनशे डॉलर पुन्हा द्यावे लागतात. दुसरं, घर विकल्यावर हमी नव्या मालकाकडे जाते का. दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर त्या वॉरंटीसाठी वेगळे मागितलेले पैसे जास्त सायकलच्या स्प्रिंगवर घाला.